रूपीच्या अंगणातल्या तीन सायकली

बोर्डी, ता. १४ सप्टेंबर १९६१

ती. दाजींना सदानंदचा नमस्कार.

ताईने पाठवलेले सुके बोंबील आणि तुमचा उपदेश, दोन्ही पोचलं. बोंबील संपत आले, उपदेश अजून पुरतोय.

तुम्ही मला शेठच्या गवताच्या वखारीत चिकटवलंत आणि तलासरीची नवी शाखा उघडल्यावर तिथे पाठवलंत. तक्रार करत नाही. आत्याकडे बोर्डीला जेवतो, सकाळी सायकल मारतो, आठाला कचेरीत हजर. पण या कचेरीला सायकल ठेवायला वीतभर जागा नाही, हे तुमच्या ध्यानात आलं होतं का? भाड्याची एक खोली, दारातून उतरलं की थेट हमरस्ता. आम्ही तिघं कारकून, मी, आपल्या आळीतला गणू आणि छगनभाई, भिंतीला सायकली टेकवून ठेवायचो. मागच्या आठवड्यात गवताचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने गणूच्या सायकलीचं मागचं चाक पार पापड करून टाकलं. ट्रक शेठचा, गवत शेठचं, चाक मात्र गणूचं. तो दोन दिवस चालत आला नि दोन्ही दिवस त्याचा अर्धा खाडा लागला, आता उसनी सायकल आणतो.

समोर रूपी नावाची बाई राहते. पन्नाशीची असेल. कुडाचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. तिने हे सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता माझी सायकल हँडलला धरून अंगणात नेली. आता तिघांच्याही तिथेच असतात. तिने वर गवताचं छप्पर घातलंय आणि आपली शेळी बाहेर बांधलीय. तिला काय द्यायचं, हे तुम्हीच सांगा. आणि ते कोणी द्यायचं, हेही सांगा. माझ्या मते शेठने.

तुमचा,
सदानंद

डहाणू, ता. २१ सप्टेंबर १९६१

चि. सदानंद यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं मत विचारलं नव्हतं, तरी कळलं.

अरे बाबा, शेठ तुला आठ वाजता खुर्चीवर बसण्याचा पगार देतात. तू चालत ये, सायकलवर ये, नाहीतर होडीत बसून ये, तो तुझा प्रश्न. आज सायकलीला जागा मागशील, उद्या छत्रीला खुंटी, परवा चपलांना पहारेकरी. असं एकदा सुरू झालं की शेवट नसतो. मी पंधरा-वीस वर्षं कारकुनी केली, मालकापुढे कोणती गोष्ट न्यायची आणि कोणती खिशात ठेवायची एवढं मला समजतं.

गणूच्या चाकाचं मात्र मी बघतो. ते शेठच्या ट्रकाने मोडलंय, त्यात वाद नाही.

त्या बाईला तुम्ही तिघांनी मिळून काहीतरी देत जा. फुकट कोणाचं अंगण वापरू नये.

तुझी ताई म्हणते, बोंबील एकट्याने खाऊ नकोस, आत्याला दे. आणि बोर्डीच्या मास्तरांची मुलगी बघायला कधी जाणार आहेस ते कळव, असंही ती म्हणते. मी काही म्हणत नाही.

तुझा,
देवजी

बोर्डी, ता. २ ऑक्टोबर १९६१

ती. दाजींना नमस्कार.

गणूला चाक मिळालं. तो तुमच्या नावाने नारळ फोडायला निघाला होता, मी म्हटलं अजून थांब, निम्मं काम बाकी आहे.

तुमचं पत्र छगनभाईला वाचून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, दाजींची सायकल कुठे असते ते विचार. म्हणून विचारतो. कुठे असते? शेठच्या गोदामात, पत्र्याखाली, शेठच्या पहारेकऱ्याच्या नजरेखाली, एक पैसा न देता. तिथल्या सगळ्या नोकरांच्या तिथेच. मग शाखेत आलो म्हणजे आम्ही शेठचे नोकर राहिलो नाही का? कचेरी शेठनी हलवली, आम्ही हलवली नाही. आपल्या किनाऱ्यावर होडी ओढायला जो हात लावतो त्याच्या टोपलीत मासळी पडते. ती मासळी होडीवाला देतो, खलाशी आपल्या वाट्यातून देत नाहीत. मला एवढंच कळतं.

आम्ही रूपीला देतो. मी सुकी मासळी नेतो, गणू तांदूळ, छगनभाई गूळ आणि तंबाखू. मासळीची पुडी बघितली की छगनभाई नाकाला रुमाल लावून आपली सायकल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेतो, ते बघून रूपी पोट धरून हसते. पण आता गवतकापणी सुरू झाली. ती गेली तर रोज मजुरी मिळेल. सायकली राखायला घरी थांबली तर बुडेल. शेजारच्या भिकीला तिने सांगितलं की या पोरांच्या गाड्या टाकून मी जाणार नाही. आम्हाला हे भिकीकडून कळलं.

बाई मानी आहे. पूर्वी वेवजी गावात तिचं घर होतं, शेत होतं. नवरा काळ्या त्या शेताचं कूळ होता. कसणाऱ्याचं शेत होणार असा कायदा येतोय म्हटल्यावर सावकाराने एक कागद पुढे केला, गवताच्या हिशेबाचा म्हणून सांगितलं आणि अंगठा घेतला. कागद निघाला कूळहक्क राजीखुशीने सोडल्याचा. काळ्या त्या धसक्यानेच गेला. रूपीने शेत परत मिळावं म्हणून अर्ज केलाय, पण कागद फसवून घेतला हे सांगणारा साक्षीदार नाही. त्यामुळे तारखा पडतात आणि ती चालत जाऊन येते. आता तिच्याकडे हे अंगण तेवढं आहे, आणि तेही ती आम्हाला वापरू देते.

तुम्ही एकदा येऊन बघा. शाखा उघडून चार महिने झाले. उद्घाटनाला तुमची दाढ दुखत होती, मग शेठ मुंबईला होते, मग पाऊस होता. आता काय दुखतंय?

सदानंद

डहाणू, ता. ९ ऑक्टोबर १९६१

चि. सदानंद,

शेठशी बोललो. गोदामातल्या सायकलींचा तुझा मुद्दा मी माझा म्हणून मांडला. त्यांना पटला. तीन सायकलींच्या जागेचं दरमहा सहा रुपये भाडं मंजूर आहे, ते कंपनी देईल. मात्र शेठना पावती हवी. सोबत छापील पावती आणि शाईची गादी बसच्या थैलीतून पाठवली आहे. त्या बाईचा अंगठा घेऊन परत पाठव.

माझं नाव तिथे कुठे घेऊ नकोस. गुडघा धरला आहे, येणं जमणार नाही.

देवजी

बोर्डी, ता. १८ ऑक्टोबर १९६१

ती. दाजी,

चार ओळींचं पत्र लिहिलंत तेव्हाच ओळखायला हवं होतं की रागावला आहात. सायकलीवरून टोमणा मारला म्हणून असेल तर माफ करा. पण आता त्याहून मोठा घोळ झालाय, आणि तो मी केलाय.

शनिवारी मी खुशीत तिच्या अंगणात गेलो. एका हातात सहा रुपये, दुसऱ्या हातात पावती आणि शाईची गादी. तिचं पैशांकडे लक्षच गेलं नाही. गादीचं झाकण उघडलं तशी ती उठली, घरात गेली आणि आतून कडी घातली. मी बाहेरून समजावत राहिलो, ही नुसती पावती आहे, पैसे मिळाले एवढंच यात लिहिलंय. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की काळ्यालाही अगदी असंच सांगितलं असणार. दाजी, मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

सोमवारी आलो तर तिन्ही सायकली रस्त्याच्या कडेला नीट ओळीत लावलेल्या, आणि अंगणातलं छप्पर मोडून गवत एका बाजूला रचलेलं. शेळी आपल्या जागेवर. मला मासळी परत दिली. तिच्या मनात बसलंय की सायकलींच्या नावाने शेठला तिचं अंगण हवंय.

काल शेवटी भिकीने मध्ये पडून बोलणं घडवलं. रूपी म्हणाली, "माना कागुद नको. कागुद तुमी माना द्या. अंगठा तुमचा." म्हणजे अंगण तिचं आहे, सायकली तिच्या मर्जीने राहतात, आमचा त्यावर काही हक्क नाही, असं आपण लिहून द्यायचं. मी म्हटलं, आत्ता देतो. तर म्हणते, तुझा नको, तू पगारावरचा पोरगा. डहाणूचा मोठा कारकून येऊ दे. सहीला ती सही मानत नाही, अंगठाच हवा.

गुडघा बरा होईल तेव्हा या, पण या. तोवर आम्ही पाळीपाळीने बाहेर बसून सायकली राखतो आहोत.

सदानंद

डहाणू, ता. २७ ऑक्टोबर १९६१

चि. सदूला ताईचा आशीर्वाद.

तू यांना काय लिहिलंस रे? पत्र आल्यापासून माणूस जेवत नाही. ताटात पापलेट पडलं तरी भात चिवडत बसतात. तुझं पत्र कोटाच्या खिशात घालून फिरतात, मला दाखवत नाहीत. परवा नुसतेच आपल्या अंगठ्याकडे बघत बसले होते. पैशाचं काही असेल तर मला सांग, माझ्या बांगड्या आहेत. तुम्हा दोघांत तेढ आलेली मला चालणार नाही. ते तुला भाऊ मानत नाहीत, मुलगा मानतात, हे तुला माहीत आहे. सवड मिळाली की घरी ये, रुसवा तिकडे ठेवून ये.

तुझी ताई,
शांती

डहाणू, ता. १ नोव्हेंबर १९६१

चि. सदानंद,

गुडघ्याला काही झालेलं नाही. दाढही कधी दुखली नव्हती.

शेठकडे येण्याआधी तीन वर्षं मी तलासरीच्या सावकाराकडे लिहायला होतो. नोकरी कुठली, हे तुझ्या ताईला माहीत होतं. काम काय होतं, ते माहीत नव्हतं. पाड्यावरची माणसं ओटीवर उकिडवी बसायची. मी कागद लिहायचो, मी वाचून दाखवायचो, मी बोट धरून गादीवर दाबायचो. कागदात एक असायचं आणि माझ्या तोंडात दुसरं. वेवजीच्या काळ्याचा कागद माझ्या हातचा आहे. त्याने मला दोनदा विचारलं, हे गवताचंच ना? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मागे त्याची बायको उभी होती.

तुझ्या दुसऱ्या पत्रात ते नाव वाचलं. तरीही मी शाईची गादी पाठवली. शेठनी पावती मागितली आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. तीन वर्षं तेच केलं होतं.

आणखी एक सांगतो, कारण ते लपवलं तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. तू तेव्हा बोर्डीच्या शाळेत होतास. तुझे वडील गेले होते, सासूबाई मासळी सुकवून किती मिळवणार. तुझी फी मी भरत होतो. ज्या महिन्यात तो कागद झाला त्या महिन्याचीही त्याच पगारातून भरली. याचा भार तुझ्यावर नाही. ती फी मी माझ्या मनाने भरली आणि तुझ्यावर जीव होता म्हणून भरली, तो आजही आहे.

आता मला दाजी म्हणायचं की नाही ते तू ठरव. रूपीला हे सांगायचं तर सांग.

देवजी

बोर्डी, ता. ४ नोव्हेंबर १९६१

ती. दाजी,

पत्र वाचून मी दुपारभर समुद्रावर जाऊन बसलो. तुमचा फार राग आला. मग माझाही आला, कारण त्या फीवर मी मॅट्रिक झालो आणि मॅट्रिक झालो म्हणून रूपीपुढे पावती धरायला गेलो.

दाजीच म्हणणार. दुसरं काय म्हणू? पहिल्यांदा लंगोट सोडून चड्डी घातली तीही तुम्ही आणलेली.

पण रूपीला मी सांगणार नाही. ते माझं काम नाही. मंगळवारी सकाळची एसटी पकडा. मी थांब्यावर उभा राहीन.

सदानंद

बोर्डी, ता. ११ नोव्हेंबर १९६१

ती. ताईस नमस्कार.

दाजी घरी पोचले, पण तोंड उघडत नाहीत असं लिहिलंस, म्हणून मीच सांगतो. पैशाचं काही नव्हतं, बांगड्या हातातच ठेव. तलासरीच्या नोकरीत दाजींनी काय केलं ते त्यांनी तुला जाण्याआधी सांगितलं, हे बरं केलं. तू त्या सकाळी त्यांना डबा बांधून दिलास, तो त्यांनी उघडला नाही. आम्ही खाल्ला.

एसटीतून उतरले तेव्हा चेहरा राखेसारखा. अंगणात शिरले आणि रूपी त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षांनी टोपीखालचं तोंड तिने ओळखलं. मला वाटलं, आता आत जाऊन कडी घालणार. ती गेली नाही. खाली बसली आणि म्हणाली, वाच.

दाजींनी कागद वाचला. हे अंगण रूपीचं आहे, कंपनीच्या कारकुनांच्या तीन सायकली तिच्या परवानगीने इथे राहतात, ती नको म्हणेल त्या दिवशी उचलायच्या, कंपनीचा या जागेवर कसलाही हक्क नाही. वाचून झाल्यावर तिने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि छगनभाईकडे दिला. तू वाच, म्हणाली. छगनभाईने आपल्या गुजराती चालीत तोच मजकूर वाचला. दोन्ही जुळले तेव्हा तिने मान हलवली. मग दाजींनी अंगठा टेकवला तर म्हणते, नीट बुडव. दाजींनी पुन्हा बुडवला.

मग ती हळूच म्हणाली, "तवाबी तूच वाचलास."

ताई, तिथे आम्ही तिघं होतो, भिकी होती, पाड्यावरची आणखी पाचसहा माणसं कुंपणाला टेकून होती. दाजी मान खाली घालून नुसते बसले असते तरी कोणी काही बोललं नसतं. ते उभे राहिले, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तेव्हा मी खोटं वाचलं. काळ्याला काही माहीत नव्हतं."

रूपी रडली नाही, ओरडली नाही. दाजींना पाणीही विचारलं नाही. तिने एवढंच म्हटलं की आम्हाला सांगून काय उपयोग, हे कुळांच्या कचेरीत साहेबापुढे सांग. आणि उठून माझी सायकल हँडलला धरून आत नेली.

दाजींना मी परतीच्या गाडीत बसवलं. त्यांना सांभाळ. मी अजून थोडा रागावलेला आहे आणि त्यांची काळजीही वाटते, दोन्ही आहे.

तुझा,
सदू

डहाणू, ता. ९ डिसेंबर १९६१

चि. सदानंद यास आशीर्वाद.

आधी कचेरीचं. रूपीचा अंगठा नको म्हणून मी शेठपुढे दुसरी वाट ठेवली. सहा रुपये तुम्हा तिघांना सायकल ठेवण्याचा भत्ता म्हणून मिळतील, सही तुम्ही करायची आणि पैसे तिच्या हातात द्यायचे. शेठ म्हणाले, यात पावती कुठे? मी म्हटलं, सायकली जाग्यावर आहेत हीच पावती. त्यांनी मंजूर केलं. माझं पहिलं मत चुकलं होतं, हे कचेरीच्या कागदावर लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो.

आता दुसरं. रूपीच्या अर्जावर मी साक्षीदार म्हणून नाव दिलं आहे. पुढची तारीख चौदा डिसेंबर, तलासरीलाच. नाव दिल्याचं दोन दिवसांत सगळीकडे झालं. सावकाराचा माणूस घरी येऊन गेला. तुझ्या ताईने त्याला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवला. शेठनीही बोलावलं. तो सावकार आपल्या वखारीला गवत देतो, सगळ्यांशी बिघडवून कसं चालेल, असं त्यांनी नीटच विचारलं. खोटा कागद लिहिल्याचं कबूल केलेला कारकून मी तिजोरीजवळ कसा बसवू, असंही विचारलं. चौदा तारखेनंतर मी इथे असेन की नाही ते शेठनी सांगितलं नाही. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही एवढं मात्र वदवून घेतलं आहे.

तुझ्या ताईने मला दोष दिला. पहिले चार दिवस ताट वाढायची आणि निघून जायची. पाचव्या दिवशी माझा कोट धुऊन इस्त्री करून ठेवला आणि म्हणाली, साक्षीला जाताना चुरगळलेला नको.

शेत परत मिळेल का, ते मला माहीत नाही. सावकाराचा वकील मला खोटारडा म्हणेल आणि ते खरंच आहे. तरी मी काय लिहिलं, काय वाचलं आणि काळ्याने दोनदा काय विचारलं, ते सांगेन.

तू रूपीला वेळेवर घेऊन ये. कचेरीत गर्दी असेल, माणसं घाई करतील. तिला बजावून ठेव, कोणीही कागद पुढे केला तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. मी पुढे केला तर छगनभाईकडून वाचून घ्यायचा.

तुझा,
दाजी